शिळ्या पाण्याचा मासा

मासा पुढे दीड वर्ष जगला, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणाऱ्याचा जीव त्याच्यापायी टांगणीला लागायचा आणि खरी काळजी ज्याची करायची ते बाजूलाच राहायचं. त्या महिनाभरात माझं नेमकं तेच झालं होतं.

बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आई आणि मी अशा दोघीच राहत होतो. आई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, वय अडुसष्ट. मी हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टर. इतरांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढायच्या, हे माझं काम. आई लोकांना सांगायची, "आमची मुलगी दुसऱ्यांच्या चुका काढते. घरी हे फुकट चालायचं, आता पगार मिळतो."

त्या वर्षी कंपनीने मला चार महिने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. ऑनसाइट जाणं ही तेव्हा सोसायटीत पेढे वाटायची गोष्ट होती. आईला सांगितलं तेव्हा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "खुशाल जा. मी काय पाळण्यातली आहे?"

माझ्या मनात मात्र दिवाळीपासून पाल चुकचुकत होती. आमटीत दोन-तीन वेळा मीठ दुप्पट पडलं होतं. एकदा जेवताना तिने वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची एक गोष्ट सांगितली आणि ताक वाढताना तीच पुन्हा सांगितली, त्याच शब्दांत, त्याच जागी हसून. एका संध्याकाळी मी घरी आले तर गॅसवर रिकामं पातेलं तापून काळं झालेलं आणि ही गॅलरीत शांतपणे कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. वय झालं की होतं असं, अशी मी दर वेळी स्वतःची समजूत काढायचे. डॉक्टरांकडे न्यावं असं मनात आलं की मनातल्या मनात विषय बदलायचे.

ती चार महिने एकटी राहू शकेल का, एवढाच प्रश्न होता. तो तिला विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी मासा आणला.

आता हे लिहिताना वेडेपणा वाटतो. पण माझं डोकं तेव्हा तसंच चालायचं. एक छोटं काम, रोजचं, ठरलेल्या वेळेचं, आणि चुकलं तर लगेच दिसणारं. तीन-चार आठवडे तिने ते नीट केलं की मी निर्धास्तपणे विमानात बसणार. यातलं अक्षरही आईला सांगितलं नाही. "तुला सोबत होईल," एवढंच म्हटलं. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच.

"सोबत?" आई म्हणाली. "बोलणार कोण, तो की मी?"

मासा फायटर जातीचा होता, निळा, लांब शेपटीचा. या जातीचे दोन एकत्र ठेवले की मारामारी करतात, म्हणून दुकानात प्रत्येकाला वेगळा प्लॅस्टिकचा ग्लास होता. दुकानदार म्हणाला, "न्या ताई, नवीन माणसाला हाच बरा. कशातही जगतो." कशातही जगते म्हणून विकलेली कोणतीही वस्तू घेऊ नये, हे मला आता कळलं आहे. बादलीभर पाणी मावेल एवढी काचेची टाकी, तळाला खडे, एक पाणवनस्पती, आणि पाणी गाळायला हवेवर चालणारा एक स्पंज, एवढं सामान घेऊन मी रिक्षाने घरी आले.

पहिले दोन आठवडे मासा माझ्याच ताब्यात होता आणि मी त्याचे हाल केले. आमच्याकडे सकाळी नळाला पाणी आलं की कालचं पिण्याचं पाणी झाडांना जायचं. ते शिळं. कळशी घासायची, ताजं भरायचं. जन्मभर हेच पाहिलेलं, म्हणून माशालाही मी एक दिवसाआड नळाचं ताजं पाणी देत होते. टाकी रिकामी करून मिठाने घासायची, खडे चोळून धुवायचे, स्पंज नळाखाली पिळायचा. काच अशी लखलखायची की बघत राहावं. मासा मात्र पंख मिटून तळाशी पडून असायचा.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत इंटरनेटवर वाचलं तेव्हा कळलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते त्याच्या कल्ल्यांना जाळतं. पाणी उघड्या बादलीत निदान एक दिवस ठेवायचं, मगच त्याला द्यायचं. शिवाय माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया नावाचं विष तयार होतं आणि ते खाऊन टाकणारे जिवाणू खड्यांवर आणि स्पंजमध्ये हळूहळू वस्ती करतात. त्यांना जम बसवायला काही आठवडे लागतात. त्यांची वस्ती मी एक दिवसाआड घासून गटारात सोडत होते. पाणी आठवड्याला पाव भागच बदलायचं होतं, आणि स्पंज धुवायचाच तर टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात.

थोडक्यात, त्याला शिळंच पाणी हवं होतं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरात पाहुण्याला कधी शिळं पाणी दिलं नाही. याच्यासाठी मुद्दाम साठवायचं?"

तरी तिने न्हाणीघरात एक बादली वेगळी काढून दिली. दुसऱ्याच दिवशी मी आले तर बादलीतलं पाणी गार, नळाच्या वासाचं. "सकाळी ओतून ताजं भरलं," आई म्हणाली. ही विसरली, की हात सवयीने चालला? मी सवय धरली. चाळीस वर्षं रोज सकाळी केलेलं काम हात कसे सोडतील? कागदावर "माशाचं पाणी, ओतू नये" असं लिहून बादलीवर चिकटवलं. त्यानंतर एकदाही ते ओतलं गेलं नाही. त्या आनंदात मी ऑफिसातल्या मैत्रिणींना चहा पाजला, कशाबद्दल ते न सांगता.

एक तारखेपासून मासा आईकडे दिला. सकाळी आठ वाजता तीन दाणे, मग दिवसभर काही नाही. माझी कंपनीची बस सातला असल्यामुळे त्या वेळी घरात मी नसणार, हे तर मला हवंच होतं.

"तीन?" आई दाण्यांची डबी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली. "मुंगीला साखर घालताना माणूस यापेक्षा सढळ असतो."

पाच दिवसांत पाणी गढूळ झालं. दुधाचं भांडं विसळल्यावर दिसतं तसं. वासही यायला लागला. ऑफिसातल्या एकाने अमेरिकेहून येताना पाणी तपासायचं किट आणलं होतं, ते मी उसनं घेतलं. काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर अमोनिया. आमचं पोपटासारखं हिरवं झालं. पाव पाणी बदललं, शिळं, दोन दिवस ठेवलेलं. रंग थोडा उतरला. दोन दिवसांनी पुन्हा हिरवा.

मी यादी केली. हे मला येतं. महापालिकेचं पाणी, स्पंज, हवेचा पंप, खडे, सडकं पान, वाढता उन्हाळा, दुकानातले जुने दाणे. रोज संध्याकाळी बसमधून उतरले की एकेक तपासायचे आणि काट मारायचे. यादीत आई नव्हती. ऑफिसात मी अशी यादी दिली असती तर नव्याने लागलेल्या पोरानेही विचारलं असतं, रोज जे माणूस हात लावतं ते यात कसं नाही?

एकदाच विचारलं. "आई, तीनच दाणे ना?"

"तीनपर्यंत मला मोजता येतं," आई म्हणाली.

पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला आणखी काय विचारणार? खरं तर तिच्या तिरकसपणाने मला बरंच वाटलं. जीभ शाबूत आहे म्हणजे बाकीही असणार. दुपारी ऑफिसातून फोन करून मी विचारायचे, "मासा कसा आहे?" ती म्हणायची, "पाण्यात आहे. मी कशी आहे तेही विचारत जा कधीतरी." मी हसून फोन ठेवायचे आणि पुढचा तासभर स्क्रीनवरचं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही.

शुक्रवारी मॅनेजरने सांगितलं की तिकिटाचं आता पक्कं करायला हवं, पंचवीस तारीख चालेल का ते सोमवारी सांग. मी हो म्हटलं. पाण्याचं सोडलं तर बाकी सगळं ठीकच होतं, असं मी बसमध्ये स्वतःला दोनदा सांगितलं.

रविवारी सकाळी पंचवीसला वार कोणता येतो ते बघायला स्वयंपाकघरात गेले. दारामागे भिंतीवर आमचं कॅलेंडर असायचं. त्यावर आईचा कारभार. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, धुणंभांडीवाल्या मावशींच्या सुट्ट्या, सगळं तिथे पेन्सिलीने लिहिलेलं. मी कधी त्याकडे बघायचे नाही.

पंचवीसला शनिवार होता. त्या चौकटीत कोपऱ्यात बारीक, वळणदार अक्षरात "मा" लिहिलेलं होतं. मला आधी वाटलं, मी जाणार त्या दिवसाची काही खूण असेल. मग दिसलं की चोवीसलाही "मा" आहे. तेवीसलाही. एकपासून सत्तावीसपर्यंत एकही चौकट न सोडता, प्रत्येकीत एक. त्या दिवशी तारीख होती बारा.

समजायला वेळ लागला नाही. माशाला खायला घातलं की आई पुढच्या रिकाम्या चौकटीत खूण करत होती. थोड्या वेळाने पुन्हा कॅलेंडरकडे यायची, समोर रिकामी चौकट दिसायची, तोच तिला आजचा दिवस वाटायचा. म्हणजे मासा उपाशी. मग पुन्हा तीन दाणे, नीट मोजून, आणि पुन्हा एक खूण. मोजण्यात ती कुठेच चुकली नव्हती. बारा दिवसांत सत्तावीस वेळा तीन दाणे. माझी यादी, नळ्या, थेंब, सगळं तिथे दारामागे निकालात निघालं.

पहिला विचार काय आला तेही सांगते, लाज वाटली तरी. खोडरबर कुठे आहे, हा. पुढच्या पंधरा खुणा पुसल्या तर कुणालाच कळणार नाही, मलाही.

तेवढ्यात आई आत आली. हातात दाण्यांची डबी होती.

"काय बघतेस?"

"काही नाही. वार."

चोराच्या मनात चांदणं. माझा हात अजून पंचवीसवर होता. आईने चष्मा नाकावर वर ढकलला, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि बघत राहिली.

"आज तारीख किती?" तिने विचारलं.

"बारा."

तिने बोट एकवर ठेवलं आणि एकेक चौकट पुढे नेलं, फळ्यावरचं मुलाचं गणित तपासावं तसं. सत्तावीसवर थांबली.

"पंधरा जास्त," ती म्हणाली. डबीचं झाकण तिने घट्ट लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. "विसरायला होतं, म्हणून खुणा करत होते."

"कधीपासून होतंय असं?"

"ते आठवलं असतं तर खुणा कशाला केल्या असत्या?"

पुढे होऊन तिचा हात धरावा असं वाटत होतं, पण आमच्या घरात हात धरायची पद्धत नव्हती. ती स्टूल ओढून बसली. बाहेरच्या खोलीत स्पंजचे बुडबुडे ऐकू येत होते.

"मासा माझ्या सोबतीला नव्हता आणला," ती म्हणाली.

"नाही."

"वाटलंच होतं. न सांगता परीक्षा मी पोरांची कधी घेतली नाही." ती रागावली नव्हती, आणि तेच जास्त लागलं. मग तिने विचारलं, "मी तुला खुशाल जा म्हणाले होते ना?"

"हो."

"किती वेळा?"

"एकदाच."

"नक्की?"

"नक्की, आई. एकदाच."

"मग ते एकदाचं मी मागे घेते," ती म्हणाली. "जाऊ नकोस. मला भीती वाटते."

तोवरच्या आयुष्यात तिच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं.