कशावर आलास?

कोरेगावच्या स्टेशनवर आई मला सोडायला यायची, तेव्हा गाडी सुटायची वेळ होईपर्यंत एक शब्द बोलायची नाही. शिट्टी झाली की खिडकीचा गज धरून म्हणायची, "वॉरंटावर ये रं बाबा. तिकीट काढून येऊ नगंस." शेजारचा परमुलखातला प्रवासी माझ्याकडे टकामका बघायचा. त्याला वाटत असणार, काय चिक्कू बाई आहे!

आपल्या गावकऱ्यांतले जे गावातच राहिले, त्यांना ह्याचा अर्थ सांगायला नको. पण जे माझ्यासारखे बाहेर पडले आणि ज्यांची पोरं आता त्याहून लांब गेली, त्यांच्यासाठी लिहितो. पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी फौजेत होतो, अंबाल्याला. वर्षातून एकदा लांबच्या रजेवर घरी जायला सरकार रेल्वेचं वॉरंट द्यायचं. तो कागद खिडकीत सरकवला की फुकट तिकीट. त्याच वर्षात पुन्हा जायचं झालं, तर खिशात हात घालायचा. आमच्या भागात फौजेत माणूस नाही असं घर शोधावं लागायचं, त्यामुळे वॉरंट म्हणजे काय हे म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही पाठ. वॉरंटवर पोरगा आला म्हणजे सण, लग्न, जत्रा. तिकीट काढून आला म्हणजे घरातलं कुणीतरी गेलं, नाहीतर जायला टेकलं. एखादा जवान अवेळी पिशवी घेऊन रस्त्याला दिसला, की भांगलणाऱ्या बायका खुरपी थांबवून विचारायच्या, "कुनाच्यात काय झालं गं?"

माझी आई तर फौजीची बायको आणि फौजीची आई. तिचं माहेर म्हसवड. मार्गशीर्षात सिद्धनाथाचा रथ निघतो, त्याला मी दरसाल तिला घेऊन जायचो. वडील गेल्यापासून वर्षभरात तिला तेवढाच एक आनंद उरला होता. बराकीतली बाकीची पोरं वॉरंट उन्हाळ्यातच उडवून मोकळी व्हायची आणि पुढं वर्षभर तोंड पाडून फिरायची. मी ते रथासाठी राखायचो. त्यावरून माझी पुष्कळ चेष्टा व्हायची.

त्या वर्षी वैशाखात शेजारच्या गावचा तुकाराम रजेवरून परत आला. बूट काढायच्या आधीच त्यानं मला बाजूला घेतलं. "गड्या, तुझ्या आईला मिरजंला दावलं. पोटात गाठ हाय. दिवाळी बगंल का न्हाई, डाक्टरलाबी सांगता येत न्हाई. तिला न्हाई सांगितल्यालं. सूज हाय म्हनून सांगितलंय."

जायचं तर होतंच. कशावर, एवढाच घोळ होता. तुकाराम म्हणाला, "वॉरंट काढ. तिला वाटंल, रजंवर आला." त्याचं बरोबर होतं. पण वॉरंट आत्ता काढलं तर मार्गशीर्षात काय? शिपायाच्या पगारात तिकीट जड होतं, नाही असं नाही. पण खरी भीती ती नव्हती. वॉरंट शिल्लक आहे तोवर आई रथापर्यंत राहील, असं काहीतरी वेड माझ्या डोक्यात बसलं. वॉरंट मोडायला माझा हात होईना. शेवटी ठरवलं, तिकीट काढून जायचं आणि आईला सांगायचं, वॉरंटवर आलो. सोपं वाटलं. दोन दिवस गाडीत बसून मी तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार केलं.

ती दारातल्या कट्ट्यावर लसूण सोलत बसली होती. एवढीशी झाली होती. मला बघून उठली नाही, उठवतच नसावं.

"कशावर आलास?"

"वॉरंटावर. यंदा सायबानं आधीच धाडलं."

"बरं केलं," म्हणाली आणि पुन्हा लसणाकडे वळली. मला वाटलं, जमलं.

जेवायला बसलो. माझी बायको सुशीला चुलीपाशी भाकरी थापत होती. आईनं अगदी सहज विचारलं, "मग रथाला कशावर येनार?"

ह्याचं उत्तर काही मी तयार केलं नव्हतं. सुशीलेची थाप थांबली. आईचा चेहरा असा उतरला होता की 'यंदा जमायचं नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघेनात. मी म्हणालो, "येनार की! तुला रथाला न्हेल्याबिगर ऱ्हातोय व्हय?"

बोलून गेलो आणि मग उजेड पडला. वर्षाला वॉरंट एकच. रथाला येणार म्हणजे ते अजून हातात आहे. आणि ते हातात आहे म्हणजे आत्ता मी तिकीट काढून आलो आहे.

आई माझ्याकडे बघत राहिली. कधी नव्हे तो मी मान खाली घालून जेवत होतो. थोड्या वेळानं तिनं माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी घातली.

"बरं," ती म्हणाली. "मग रथाला नक्की ये."

आजाराचं तिनं मला काहीच विचारलं नाही. रथासाठी घेतलेलं नवं लुगडं मात्र सुशीलेच्या हातात दिलं. "तू नेस. मला आता जड हुतंय." मी निघालो तेव्हा हट्टानं बैलगाडीत बसून स्टेशनवर आली. शिट्टी झाली. तिनं गज धरला. मी वाट बघत राहिलो, पण ते वाक्य ती बोललीच नाही. गाडी हलली तसा तिनं हात सोडला. इतकं भकास मला आयुष्यात कधी वाटलं नाही.

ती कार्तिकात गेली. रथासाठी राखलेलं वॉरंट तिच्या दहाव्याला लागलं. म्हसवडला मी गेलो नाही. घराला कुलूप लावून सुशीलेला अंबाल्याला घेऊन गेलो. पुढं पेन्शनीत आल्यावर साखर कारखान्यावर सिक्युरिटीत लागलो आणि सांगलीत फ्लॅट घेतला. गाव एसटीनं काही तासांवर, पण राहायला म्हणून परत जाणं झालं नाही. तिथं जाऊन कुलूप काढलं तरी 'कशावर आलास' म्हणून विचारणारं कोण होतं? घर म्हणजे माझ्या लेखी तेवढंच होतं.

आमचा प्रकाश आता टोरांटोला असतो. विमान कंपनीचे माइल्स साठवतो आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला त्याचं शास्त्र ऐकवतो: दिवाळीत तिकिटं महाग, तेव्हा माइल्स वापरायचे, स्वस्ताईच्या दिवसांत पैसे भरायचे, उगाच उधळायचे नाहीत. मी म्हणतो, "अरे, ह्यात तुझी आजी पास होती." तो हसतो. त्याला ही गोष्ट मी कधी सांगितलेली नाही.

गेल्या महिन्यात मिरजेला माझ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट सुशीलेनं आणले. सूज आहे म्हणाली.

परवा रविवार नसताना प्रकाशचा फोन आला. "बाबा, तिकीट काढलंय. पुढच्या आठवड्यात येतोय."

"माइल्सवर?"

"नाही, पैसे भरून. ऐनवेळी महाग पडलं, पण माइल्स राहू देत."

"मग दिवाळीला कशावर येणार?"

सुशीला पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

"दिवाळीलाही येणार की, बाबा! माइल्स आहेतच ना."

"बरं," मी म्हणालो. "मग दिवाळीला नक्की ये."