तांबड्याचं कोणी विचारलंच नाही

"ते फूल वाऱ्यानं पडलं," काका ओरडत होता. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. वाऱ्यानंच पडलं ते."

"गाभाऱ्यात वारा कुठला?" गुरव म्हणाला.

"मंग तू फुंकलंस."

गुरवानं नुसते ओठ उघडले. पुढचे दात कधीच गेलेले. त्या खिंडीतून फुंकर कुठल्या कुठे गेली असती, समोरच्या फुलाला लागणं शक्य नव्हतं. काका गप्प झाला. काका गप्प झाला की खाडीपलीकडच्या कोंबड्या पुन्हा अंडी द्यायला लागायच्या, असा त्याचा आवाज.

आम्ही कौल लावायला देवळात गेलो होतो. देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या भिजवलेल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि बघत बसायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. विचारायचं होतं ते बैलांबद्दल.

पावसाआधीची शेवटची आणि सगळ्यात मोठी बैलगाड्यांची शर्यत आमच्या पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत व्हायची. मोसमात ज्यांनी कुठं ना कुठं नंबर काढला, तेवढ्याच गाड्या तिथं घेत. मंडणगडपासून पार नाटे गावापर्यंतचे बैल येत, आणि काही बैलांची शिंगं इतकी लांब असायची की बैल सकाळी पोचायचा, पण शिंगं आदल्या संध्याकाळीच आलेली असायची. आमच्या काकाच्या गाडीनं माघात जयगडच्या बाजूला दुसरा नंबर काढला होता. त्या दिवशी तिथं गाड्या किती होत्या, हे काका कधी सांगत नसे. दोन होत्या.

पुढे आमच्या जोडीतल्या उजव्या बैलाला सड्यावर, गावामागच्या कातळ माळावर, चरताना पान लागलं. सापाचं नाव आमच्याकडे घेत नाहीत, पान लागलं म्हणतात. अंगणात आणेपर्यंत तो गेला. काका तीन दिवस जेवला नाही, आणि चौथ्या दिवशी घाटावर जाऊन नवा बैल घेऊन आला. बांडा, म्हणजे दोन रंगांचा, देखणा, पाय तर असे की जमिनीला लागतात की नाही हे वाकून बघावं. काकानं व्यापाऱ्याला दात विचारले, खूर विचारले, अंगावरचे भोवरे मोजले, बैलाच्या आईच्या स्वभावाचीसुद्धा चौकशी केली. बैल कुठल्या बाजूचा, तेवढं विचारायचं राहिलं.

घरी आणून जुंपला तर डावा निघाला. बैलाला एकदा डावीकडे चालायची सवय लागली की तो जन्मभर डावा. उजवीकडे घातला तर शेजाऱ्याला ढकलत ढकलत आपल्या जागेकडे सरकत राहतो. आमचा जुना पांढरा आधीच डावा होता. म्हणजे गोठ्यात पळणारे बैल दोन, आणि दोन्ही एकाच बाजूचे.

उजव्या बाजूचा एकच उरला, तांबडा. नांगराचा म्हातारा बैल. तो पाऊल उचलायचा आणि ते टाकायचं की नाही यावर विचार करायचा. पण गोठ्यातला वडीलमाणूस तोच. संध्याकाळी सड्यावरून घरी निघायचं झालं की तांबडा एकदा हंबरायचा, आणि बाकीचे तोंडातला घास सोडून त्याच्या मागे लागायचे.

तर उजवीकडे तांबडा हे नक्की होतं. डावीकडे पांढरा की बांडा, एवढंच देवाला विचारायचं होतं. पण काकाला एका वाक्यात काही विचारता येत नसे. त्यानं आधी विचारलं, "देवा, पांढरा पळवू काय?" उजवी पाकळी पडली. तिथं नमस्कार करून घरी यायचं. पण नंतर कोणी नाव ठेवायला नको म्हणून, नकार येणारच या खात्रीनं, त्यानं विचारलं, "आणि बांडा पळवू काय?" पुन्हा उजवी. तेव्हाच तो वाऱ्यावर घसरला.

"दोघांनाही होकार झालाय," गुरव म्हणाला. "आता दोघेही पळवायचे."

"अरे, दोघेही डावे हायत."

"ते तुम्ही देवाला सांगितलं नाय."

"मंग तांबड्याचं विचार आता."

"एका कामाला दोन कौल झाले, भाऊ. तिसरा मी लावत नाय. तांबड्याचं विचारायचं तर आधी विचारायचं."

घरी येऊन हे सगळं काकीला सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण गाडी हाकणारा मी. काकी तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझं बोलणं लक्षात हाय ना त्यांच्या?"

ते सबंध वाडीच्या लक्षात होतं. काकाची मुंबईची गिरणी बंद पडली आणि तो घरी आला, त्याला दोन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी शर्यतीत बैल परत आले, पण गाडी आली नाही. दुसऱ्या वर्षी गाडी आली, पण तिच्यात मी नव्हतो; मला कोळ्यांनी जाळ्याबरोबर ओढून काढला. तेव्हा काकीनं सांगून टाकलं होतं की यंदा गाडी, दोन बैल आणि हाकणारा अशा चारही वस्तू एकदम शर्यतीच्या शेवटच्या दोरीपलीकडे पोचल्या पाहिजेत. नंबर नको. नाही पोचल्या तर बैल घाटावर, आणि काका मुंबईत, वॉचमनच्या नोकरीवर. काकीच्या भावानं ती नोकरी बघूनही ठेवली होती.

काका गेला तर तिला काय वाटेल, हे कळायला मार्ग नव्हता. ती मोकळेपणानं बोलायची ती फक्त बैलांशी, तेही काका घरात नसताना. एवढं मात्र खरं की काका मुंबईहून आला त्याच आठवड्यात तिनं त्याची पत्र्याची पेटी माळ्यावर टाकली होती, आणि मग माळ्याची शिडी फोडून चुलीत घातली होती. शिडीला वाळवी लागली होती, म्हणे.

आम्ही दोन्ही डावे जुंपून सराव केला. बांडा उजवीकडे. गाडी डावीकडेच वळायची. एकदा सरावाला लावली ती तेलाच्या घाण्यासारखी गोल फिरत राहिली, आणि त्या जागी इतका खड्डा पडला की पुढच्या उन्हाळ्यात तिथं पाणी लागलं. काकानं देवाच्या पाया पडून गुपचूप माफी मागून पाहिली. बांडा सुधारला नाही.

शर्यतीच्या दिवशी ओहोटी लागली, पुळण मोकळी झाली, आणि सुरूच्या झाडांखाली माणसं जमली. जाताना समुद्र उजव्या हाताला, टोकाच्या निशाणाला डावीकडे वळून वळसा, आणि येताना समुद्र डाव्या हाताला. काका दोरीजवळ उभा होता. त्यानं मला एवढंच सांगितलं, "पडू नको रे बाबा." आवाज इतका बारीक की मी दोनदा विचारलं.

सुटलो. जाताना बांडा पांढऱ्याला सुरूच्या बनाकडे ढकलत होता, त्यामुळे त्या बाजूची माणसं आपोआप पांगली. बन संपलं, निशाण आलं. बाकीच्या गाड्या वळण घ्यायला पार ओल्या वाळूत गेल्या. आमच्या बैलांना मात्र डावीकडे वळणं हेच आयुष्यात हवं होतं. गाडी निशाणाभोवती अशी फिरली की निशाणाच्या काठीचं साल निघालं. क्षणभर सगळ्यांच्या पुढे आम्ही होतो. तो क्षण काकानं पुढे इतक्या वेळा सांगितला की आता तो अर्ध्या तासाचा झालाय.

मग येतानाचा समुद्र आला. बांडा ढकलतोय, पांढरा सरकतोय, मी कासरा ओढून ओढून लाल झालोय, आणि गाडी पाण्याकडे. आधी चाकं भिजली, मग माझे पाय. एक सुरमई गाडीत येऊन, हवापाणी विचारून गेली. मागच्या गाड्या एकामागून एक वाळूवरून पुढे निघून गेल्या. दोरीजवळ काका डोकं धरून खाली बसलेला दिसला. तिथून मुंबई फार लांब नव्हती.

आणि तेवढ्यात कोणीतरी हंबरलं.

दोरीपलीकडे, कोरड्या वाळूत, तांबडा उभा होता, आणि त्याचं दावं काकीच्या हातात होतं. दिवस कलला होता, घरी निघायची वेळ झाली होती, म्हणून तो हंबरला. पांढऱ्यानं कान टवकारले. बांड्यानं ढकलणं सोडलं. दोघांनी मिळून, आयुष्यात पहिल्यांदा, उजवीकडे तोंड वळवलं आणि शर्यतबिर्यत विसरून घरी निघाल्यासारखे सरळ तांबड्याकडे चालू लागले. पळाले नाहीत हं, चाललेच. पण दोरी ओलांडली. गाडी, दोन बैल आणि मी. आमच्यामागे एकच गाडी होती, तिचं चाक निखळलं होतं.

पंचांपैकी कोणीतरी शंका काढली की हा तिसरा बैल कुठला. गुरव तिथंच होता. तो म्हणाला, "तो पळाला नाय. तो उभा हाय. देवाची काय हरकत नाय."

काका वाळूतच बसला होता. हसत होता की रडत होता ते त्यालाही कळत नव्हतं. गळ्यातला टॉवेल दोन्हीसाठी चालवत होता. मी गाडीतून उतरलो तेव्हा इतकं हलकं वाटत होतं की वारा असता तर उडालो असतो. पांढरा आणि बांडा तांबड्याच्या अंगाला अंग लावून उभे होते. तांबडा शिंगापासून शेपटीपर्यंत कोरडा ठणठणीत.

काका उठला, तांबड्याच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात काकीला म्हणाला, "अगो, माझ्यासाठी आणलास काय याला?"

काकी म्हणाली, "धुवायला आणला होता."