झालं नाही, केलं

उतू जाणारं दूध आणि दारावरची थाप यांचं आपसांत काहीतरी संगनमत असावं. त्या सकाळी ह्यांना मोज्याचा जोड सापडत नव्हता, सासूबाईंना चष्मा सापडत नव्हता (तो त्यांच्याच कपाळावर होता), आणि मी गॅससमोर पहारा देत उभी होते. थाप पडली. मी वळले आणि दूध गेलं.

दारात वरच्या मजल्यावरची रफूताई.

"वहिनी, कामात आहात का?"

"आत्ताच एक वाढलं. या आत."

रफूताई म्हणजे आमच्या इमारतीची शान. जळलेल्या कोटांची भोकं, कसरीने खाल्लेल्या शाली, खिळ्याला अडकून टरकलेल्या विजारी हे सगळं तिच्या खिडकीपाशी यायचं आणि पुन्हा अखंड होऊन जायचं. काम तिला सासूने शिकवलं, आणि शिकवण एकच: दिसलं की उसव. ती इतकी अंगात मुरली होती की एकदा तिने स्वतः रफू केलेला ह्यांचा कोट उजेडात धरून आम्ही दोघी भोक शोधत बसलो. शेवटी तीच म्हणाली, "बहुतेक दुसराच कोट आणलात."

तिचं कौतुक केलं की ती हात झटकायची. "मी कुठे काय केलं? झालं आपलं." कोट? झाला. एकटीने दोन मुली वाढवल्या, शिकवल्या? त्यावरही तेच. "झालं हो सगळं." जणू ही बाई आयुष्यभर बाजूला उभी होती आणि कामं आपली आपण उरकत होती.

त्या दिवशी मात्र ती खुर्चीत नुसती टेकली.

नाट्यगृहाचा दर्शनी पडदा वर जाताना आकड्यात अडकून उभा फाटला होता. माणसाच्या उंचीची चीर. एवढी चीर लपणार नाही, दिव्यांत उठून दिसेल, असं हिनेच मॅनेजरना सांगितलं होतं. ते म्हणाले, मग तिच्यावर असं काहीतरी भरा की लोकांना ती शोभाच वाटेल. आणि विचारलं, काय काढाल?

"मी म्हटलं, सुचेल तसं होईल. तर हसून म्हणतात कसे, बाई, तुम्ही करणार आहात की ते आपोआप होणार आहे?" रफूताईने पदराचं टोक पिळलं. "वहिनी, दिसेल असं काम मी कधी केलेलंच नाही. माझ्या डोक्यात माझं स्वतःचं काही आहे का, हेच मला माहीत नाही. तुम्ही कॉलेजात मनाचा विषय घेतला होता ना? जरा बसून बघा माझ्याकडे. विचार करताना मी काय करते ते सांगा."

"तो विषय परीक्षेसोबतच संपला हो."

"मग तुमचे डोळे तरी आहेत की."

आतून सासूबाई म्हणाल्या, "जा गं. दूध तर गेलंच आहे."

रफूताईची खोली एवढीशी. खिडकीखाली टेबल, त्यावर लाकडी कड्यात ताणलेलं कापड, कपाटाच्या दाराला आरसा. ती कामाला लागली, मी स्टुलावर बसले.

"आत्ता डोक्यात काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही."

थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "आत्ता?"

"तुम्ही परत कधी विचारणार, हे."

सुई जात होती, येत होती. बऱ्याच वेळाने तीच बोलली, हात न थांबवता. "गंमत आहे. धागा कुठून जाणार ते आधी दिसतं, मग हात हलतो. म्हणजे हाताच्या आधी तिथे कुणीतरी असतं."

"कोण असतं?"

"ते नाही दिसत. ती बघणारी आहे ना, ती स्वतःला कशी दिसेल?"

मला जे दिसत होतं तेच सांगितलं. "आणि ती जीभ?"

"कसली जीभ?"

"सुई ओवताना डाव्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर काढता ती."

"काहीतरीच! मी?"

ती तरातरा आरशापुढे गेली. सुई धरली, धागा ओला केला, नेम धरला, आणि जीभ आली बाहेर. रफूताई आरशातल्या रफूताईकडे बघत राहिली. मग अशी हसायला लागली की भिंतीला टेकावं लागलं. "अगं बाई! माझं तोंड घेऊन ही कोण इतकी वर्षं काम करतेय, आणि मला पत्ता नाही!"

हसता हसता ती एकदम थांबली. डोळे पुसले.

"वहिनी, काय काढायचं ते मिळालं."

"सुचलं एकदाचं!"

"सुचलं नाही," ती म्हणाली. "शोधलं."

पडदा उतरवून रंगमंचावरच बाकांवर पसरला होता. मी चहाचा थर्मास घेऊन जायचे, पण ती मला पायरीवरच अडवायची. "पुरा झाल्याशिवाय नाही." घरी सासूबाई रोज विचारायच्या, "काय काढतेय गं?" मी म्हणायचे, "थर्मास तेवढा आत जातो."

अखेर पडदा टांगला. मॅनेजर, ती आणि मी समोर खुर्च्यांमध्ये उभे राहिलो. दिवे लागले. पडदा खाली आला.

त्यावर काहीच नव्हतं.

चुण्यांमध्ये एक चुणी असावी तशी पुसट रेघ, बस्स. मॅनेजर जवळ जाऊन आले, लांबून बघून आले. "वा बाई! कुठे फाटला होता तेच कळत नाही!"

आयुष्यभर हेच ऐकायला ती काम करत आली होती. आज तिचा चेहरा उतरला. तिने आपले हात वर धरले आणि दुसऱ्या कुणाचे असावेत तसे ते बघितले. माझ्या ध्यानात आलं. रफूवाली उलट्या बाजूने बसते आणि सुई कापडाच्या अर्ध्याच जाडीतून नेते, म्हणजे टाका पुढे उमटत नाही. डोक्याने ठरवलं होतं दाखवायचं. हातांना ते कुणी सांगितलंच नव्हतं. मागे भरलेल्या टाक्यांनी चीर इतकी घट्ट आवळली होती की पुढून ती मिटूनच गेली.

"मी नाहीच की हो यात," ती पुटपुटली.

तेवढ्यात पडद्यामागे कुणीतरी खळखळून हसलं. मग आणखी कुणी. नाट्यगृहातल्या सगळ्यात जुन्या नटीचा खणखणीत आवाज आला. "अहो मॅनेजर! आमच्याकडे ही कोण बाई आलीय?"

आम्ही बाजूच्या पायऱ्यांवरून धावत मागे गेलो. पडद्याच्या आतल्या अंगावर, धाग्यांनी भरलेली, सहज ओळखू यावी अशी, एक बाई बसली होती. मान तिरकी, डोळे बारीक, जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर. हातात सुई. वरून खाली आलेली ती माणसाएवढी चीर थेट त्या सुईत ओवलेली. फाटलं होतं तोच तिचा धागा.

म्हाताऱ्या नटीने तशीच मान तिरकी करून तशीच जीभ काढली, आणि सगळे पुन्हा हसले. "प्रवेशाआधी मीसुद्धा अशीच जीभ काढते, बाई. वाटायचं, कुणाला दिसत नाही. आम्ही इथे संवाद पुटपुटत उभे असतो आणि समोर हे कोरं कापड. या बाजूला आजवर कुणी एक टाका घातला नव्हता."

"छे, हे लोकांना दिसलं पाहिजे," मॅनेजर म्हणाले. "पडदा उलटा टांगू."

"हात तर लावून बघा!" नटी आडवी आली. "आमची आहे ती."

मॅनेजर रफूताईकडे वळले. "बाई, हे झालं तरी कसं?"

रफूताई पडद्यातल्या बाईसमोर उभी होती. तिने मान ताठ केली.

"झालं नाही. केलं. मी केलं."

एका इमारतीत राहून इतकी वर्षं गेली, पण 'मी केलं' हे मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"आणि पडदा टांगलाय तसाच राहू दे," ती पुढे म्हणाली. "बाजू चुकली ती हातांची. बाई माझीच आहे."

नटमंडळींनी टाळ्या वाजवल्या. रिकाम्या नाट्यगृहात त्या दुप्पट घुमल्या. मॅनेजरही वाजवू लागले. "हरलो, बाई! बोला, तुमच्यासाठी काय करू?"

तिने वर बघितलं, विंगांकडे बघितलं, जिथे उभं राहून नट आपल्या प्रवेशाची वाट बघतात.

"प्रयोगाच्या वेळी इथे अंधार असतो ना? मग या बाजूला एक छोटा दिवा लावा."