पाठीतलं पाणी

मंगळवारी सकाळी माझ्या बहिणीने मला विचारलं, "तू कोण?"

मी हसलो. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि माझी थट्टा करण्यात पटाईत. "तुझा भाऊ," म्हणालो. तिने मान हलवली आणि तेच परत विचारलं. तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप होता.

जिवतीच्या डोंगरावरच्या गावांत ती आरोग्यसेविका होती. तापाचा माणूस कळला की त्याच्या बोटाला सुई टोचायची, थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, ती काच मलेरियाच्या तपासणीला पाठवायची. बाया तिला लांबून पाहूनच म्हणत, "आली वं माय, रक्त पिणारी बाई!" ती म्हणे, "एका थेंबानं कोणी मरते का? दे बोट." आणि बोट मिळेपर्यंत दारातून हलत नसे. मी राजुऱ्याच्या एका वाचनालयात पुस्तकं देतो-घेतो. माझ्याच्याने असं कोणाच्या दारात बसणं झालं नसतं.

ताप आणि बडबड म्हटलं की आमच्याकडे एकच नाव तोंडात येतं, मेंदूला चढलेला मलेरिया. तिच्या सोबतच्या सेविकांनी तिचंच बोट टोचलं, तीनदा. तिन्ही काचांत काही निघालं नाही. तरी आम्ही चौथ्या काचेची वाट पाहत राहिलो. मग तिला चंद्रपूरला दवाखान्यात नेलं. तिथे ती भेटायला आलेल्यांचं बोट घट्ट धरून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने उशीखाली सुई शोधायची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासावं लागेल, सही करा.

मामा शेजारीच उभे होते. "पाठीतलं पाणी काढलं का माणूस उठत नाई गा. सही नको करू."

"मामा, साधी तपासणी आहे."

"तू पुस्तकं वाचून राह्यला, मी माणसं पाह्यली. तिले पांगळी करून घरी नेशील का?"

त्या सुईने माणूस पांगळा होत नाही, हे मला ठाऊक होतं. की ठाऊक आहे असं नुसतं वाटत होतं? आता सांगता येत नाही. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, उद्या बघू. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालो, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी तिला झटके आले आणि मी सही केली.

नळीतलं पाणी मी पाहिलं. पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ होतं. मला वाटलं, मग काहीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं स्वच्छ दिसलं तरी त्यात सुजेच्या खुणा सापडतात. पाण्यात सूज कशी सापडते, मला कळेना. रोगाशी लढणारं शरीर बहुतेक तिच्याच मेंदूवर उलटलंय, त्या म्हणाल्या; पाण्यात पेशी वाढल्यात, बाकीचं नागपूरहून कळेल. औषध त्यांनी त्याच दिवशी सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, पाय खाली सोडून चहा प्यायली. मामा तिच्या पायांकडे पाहत राहिले. त्यानंतर झटके परत सुरू झाले आणि औषधांनी थांबले नाहीत. औषध सुरू झाल्याच्या सहाव्या दिवशी ती गेली.

अहवाल तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी आला. बऱ्याच ओळींपुढे वर जाणारे बाण होते. मी शब्दकोश काढून एकेक शब्द पाहिला. अर्थ कळले, पण अहवाल काही कळला नाही. तो घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. विचारलं, "तीन दिवस आधी सही केली असती तर?"

त्यांनी बाणांच्या ओळींवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "औषध जितकं लवकर, तितकं बरं. पण तुमच्या बहिणीचं काय झालं असतं, ते यात लिहिलेलं नाही."

मामा परवा घरी आले होते. म्हणाले, "पाणी काढल्यानंच गेली ना गा?"

"नाही, मामा."

"मंग काऊन गेली?"

मी त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी परत विचारलं नाही.

तिच्या पिशवीत न वापरलेल्या काचांची डबी आहे. अहवाल माझ्या कपाटात आहे. सही मी चौथ्या दिवशी केली.