पाजणीच्या वेळची सभा

नागपूरच्या आमच्या विणकरांच्या गल्लीत तो राहतो. एका पायाने लंगडा, बोलण्यात तोतरा. त्याचं वाक्य नेहमी दुसराच कोणी पुरं करी, आणि तो मान डोलावी. म्हणूनच आमच्या विणकर सोसायटीतल्या दोन्ही भांडखोर गटांनी त्याला अध्यक्ष केला.

मी शाळेत इतिहास शिकवतो. त्याला रोमच्या क्लॉडियसची गोष्ट सांगितली. तोही लंगडा, तोतरा; पडद्यामागे लपला होता, शिपायांनी ओढून बादशहा केला.

"मंग क-केलं काय त्यानं?"

"लांबून शहरात पाणी आणलं."

तो नुसता हसला.

स्वराज्यानंतर गल्लीला पहिला नळ मंजूर झाला. दोन्ही गटांना तो आपल्याच टोकाला हवा. याने सभा बोलावली ती सकाळी, पाजणीच्या वेळी. रस्ताभर ताणलेल्या सुताला सगळे खळ लावत होते. हात थांबला की सूत चिकटतं, त्यामुळे कोणालाच उठून जाता येईना.

तो बोलू लागताच एकाने वाक्य पुरं करायला तोंड उघडलं.

"थांब गा. मले ब-बोलू दे. सूत वाळेपर्यंत व-वेळच हाय."

त्याच्या म्हणण्याप्रमाणे नळ गल्लीच्या मधोमध बसला. आता तिथे तो बोलत असला, की एखादीची घागर भरून वाहू लागते. पण त्याचं वाक्य कोणी पुरं करत नाही.