पाचव्या प्रकरणातली मुलं

अप्पांच्या प्रबंधाची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. टिपणांची कार्डं विषयवार लावायची, तळटिपांचे आकडे जुळवायचे, टाइप झालेली पानं आणायची, कार्बनच्या प्रती सुट्या करून दोऱ्यानं बांधायच्या. माझं बी.ए. संपलं होतं, लग्नाचं जमत नव्हतं आणि रिकामं बसणं मला तेव्हाही सोसत नसे. अप्पा, माझे वडील, लातूरच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत. निवृत्ती जवळ आली होती. त्याआधी डॉक्टरेट मिळावी, ही एकच इच्छा त्यांनी आयुष्यात तोंडानं बोलून दाखवली होती. आमचं घराणं आडत दुकानाचं. शिकवून पोट भरणारे त्यात ते पहिलेच.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतलं समुद्रकाठचं एक विद्यापीठ, हा त्यांचा विषय. त्या विद्यापीठाचे इतिहास आधीही लिहिले गेले होते, पण ते कुलगुरूंचे, इमारतींचे आणि पदवी घेतलेल्यांचे. अप्पांना निजामाच्या मुलखातून तिथवर गेलेली मुलं हवी होती. तेव्हा आपल्याकडे विद्यापीठ नव्हतं. नांदेड, देगलूर, उदगीरकडची मुलं बैलगाडीनं आगगाडीपर्यंत जायची, परक्या राज्यात उतरायची, खोली शोधायची आणि इंग्रजीतून परीक्षा द्यायची. त्यांचे वजिफ्याचे, म्हणजे शिष्यवृत्तीचे, अर्ज हैदराबादच्या एका जुन्या दफ्तरात होते. अप्पांनी सलग दोन उन्हाळे तिथल्या धर्मशाळेत राहून ते उतरवून आणले. अर्ज उर्दूत होते. अप्पांची शाळाच उर्दूत झालेली, त्यामुळे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही.

पाचवं प्रकरण मधेच थांबलेल्या मुलांचं होतं. पहिली परीक्षा पास, पुढचा वजिफा मंजूर, आणि मग काहीच नाही. ना अर्ज, ना परीक्षेला नाव. अप्पांनी सालं मांडली तर ती शतकाच्या शेवटच्या मोठ्या दुष्काळावर जाऊन बसली.

आमच्याकडेही तेव्हा पाऊस नव्हता. त्याच वर्षी लातूर जिल्हा झाला होता. कचेऱ्या येत होत्या, साहेब येत होते, दुकानादुकानावर नव्या जिल्ह्याच्या नावाची पाटी चढत होती आणि खाली टँकरसाठी घागरींची रांग. लोक रांगेत उभे राहून पेढे वाटत. अप्पा पहाटे रांगेत नंबर लावायचे, पाणी आलं की घागरी आणायचे आणि ओल्या बाह्यांनीच लिहायला बसायचे. पाचवं प्रकरण त्यांनी असं लिहिलं. ती मुलं गावी का परतली असतील, घरात कोणकोणती भांडी विकली गेली असतील, हे त्यांना कल्पनेनं लिहावं लागत नव्हतं.

त्यांचे मार्गदर्शक नांदेडला राहत, आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सरांचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं. मराठी घरात बोलण्याची, वाचायची सवय नाही. त्यामुळे प्रकरण त्यांना वाचून दाखवावं लागे. आम्ही सकाळच्या एस.टी.नं जायचो, अप्पा वाचायचे, सर डोळे मिटून ऐकायचे. पाचवं ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मास्तर," मग म्हणाले, "हे प्रकरण नाही, हे कलेजा आहे तुमचा. बांधा अन् पाठवून द्या."

प्रबंध गेला. निकाल यायच्या आधीच अप्पांच्या धाकट्या भावानं, आमच्या काकांनी, पेंटरकडून घराची पाटी रंगवून घेतली. अप्पांच्या नावाआधी 'डॉ.' आणि खाली 'जि. लातूर'.

अव्वा, माझी आई, म्हणाली, "भावजी, अजून निकाल यायचाय."

"वहिनी, पेंटरला आता टाइम हाय. सगळा जिल्हा पाट्या रंगवून राहिलाय, पुन्हा तो चार महिने गावायचा न्हाई."

"अन् नापास झाले तर?"

"अण्णा? आयुष्यभर दुसऱ्याला नापास केलं त्यानं, त्याला कोण करतंय?"

अप्पा हसले. पाटी लावू नको म्हणाले, पण 'डॉ.' पुसायलाही सांगितलं नाही.

अहवाल उन्हाळ्यात आला. परीक्षकांनी बाकीच्या पाचही प्रकरणांचं कौतुक केलं होतं. पाचव्याबद्दल लिहिलं होतं की, एका अर्जावर ज्या मुख्याध्यापकांची शिफारस आहे, ते अप्पांनी दिलेल्या सालाच्या कितीतरी आधी विलायतेला परतले होते. सालं पुन्हा तपासावीत. हे प्रकरण वगळून प्रबंध मुदतीत सादर केल्यास पदवीला हरकत नाही.

अप्पांनी कार्डं मागितली. मी गठ्ठा काढून दिला. दुसऱ्या कार्डालाच त्यांचा हात थांबला.

अर्जांवर नुसता आकडा होता, कोणतं साल ते लिहिलेलं नव्हतं. अप्पांनी तो फसली धरला होता. आमच्याकडे शेतसाऱ्यापासून सगळं फसलीत मोजत. अव्वाचं जन्मसालसुद्धा आजोबा फसलीतच सांगत. आकडा दिसला की त्यात पाचशे नव्वद मिळवायचे, की इंग्रजी साल आलं, हे अप्पांच्या हाडात भिनलं होतं. पण हे अर्ज हिजरीतले होते. तिथं वर्ष चांद्र, हिशोब वेगळा. सगळी मुलं साधारण आठ वर्षं मागे सरकली. आणि त्या वर्षांत दुष्काळ नव्हता. पिकं नीट आली होती.

सरांनी तर सालं कानांनी ऐकली होती. त्यांच्या घरातही फसलीच चालायचं.

"मास्तर, एक प्रकरण गेलं तर आसमान कोसळतंय का?" नांदेडला गेल्यावर ते म्हणाले. "बाकीचे पक्के हायत."

"हाव, पक्के आहेत."

"मग काढा अन् मोकळे व्हा."

मी दोन दिवसांत ते प्रकरण काढलं, सहाव्याला पाचवं केलं, तळटिपा बदलल्या, अनुक्रमणिका नव्यानं टाइप करून आणली. सहीपुरतं काम उरलं होतं. ताटावर बसल्या बसल्या अव्वानं विचारलं, "दुष्काळ नव्हता तर ती लेकरं परत का आली?"

"माहीत नाही," अप्पा म्हणाले.

सही त्यांनी त्या दिवशी केली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मागे लागले.

"अप्पा, खरं तेवढं ठेवू, चुकलेलं काढू. यात विचार कसला?"

"त्यांना मी दुष्काळ दिला होता, बाई. तो काढून घेतला तर त्यांच्याकडे काहीच राहत नाही. एकदा ती त्या विद्यापीठातून गेली, आता माझ्या हातानं पुन्हा जातील."

मुदत संपायला थोडे दिवस होते. एका अर्जात देगलूरच्या पेठेचा आणि घराण्याच्या धंद्याचा उल्लेख होता. त्यावरून अप्पांनी तपास केला, तर घराणं अजून तिथंच निघालं. आम्ही दोघं गेलो. त्या मुलाचे नातू आता साठीचे, धान्याचं दुकान. निम्मं मराठी, निम्मं तेलुगू बोलत. त्यांनी चहा मागवला.

अप्पांनी आजोबांबद्दल विचारलं. बाहेर शिकायला गेले होते ना?

"आमचा आजा?" ते मोठ्यानं हसले. "साहेब, तुम्ही दुसऱ्याच कुणाला शोधून राहिलाव. आमच्या आज्याला सहीसुद्धा येत नव्हती. कुठलाही कागद आला की अंगठा लावायचा. मी सोता बघितलंय, शाईचा बोट धोतराला पुसायचा अन् आजी शिव्या घालायची."

नाव तेच होतं, बापाचं नाव तेच, पेठ तीच. अप्पांच्या पिशवीत त्या आजोबांच्या अर्जाची नक्कल होती. अर्ज त्या मुलानं स्वतः लिहिला होता, खाली इंग्रजीत सही केली होती आणि पुढं वकिलीचं शिकायची इच्छा आहे असं कळवलं होतं. मी पिशवीकडे हात नेला. अप्पांनी मानेनंच नको म्हटलं.

"पुस्तक वगैरे काही होतं का घरात त्यांचं?"

"न्हाई ओ. गप्प माणूस. दुकानात बसायचा, संध्याकाळी देवळात. कुणी पोरगं शाळेचं वाचायला लागलं की उठून बाहेर जायचा, एवढं आठवतंय." मग त्यांनी जरा निरखून विचारलं, "का हो, काय केलं होतं त्यानं?"

"काही नाही," अप्पा म्हणाले. "हुशार होते, असं ऐकलं होतं."

"हाव, ते होता. तोंडी हिशोब लई पक्का."

परतीच्या एस.टी.त उदगीर येईपर्यंत अप्पा खिडकीबाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली कोरडी रानं. मी विचारलं, हे लिहाल का? ते म्हणाले, "काय लिहू? ती मुलं का परतली, ते अजून कळलंच नाही. आणि जे कळलं ते त्या माणसानं जन्मभर घरच्यांना कळू दिलं नाही. मी कोण छापणारा?"

मुदत गेली. अप्पांनी वाढवून मागितली नाही. दुसऱ्या वर्षी ते निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षी सर गेले. अप्पा नंतर बरीच वर्षं होते. आल्यागेल्याला त्या विद्यापीठाच्या गोष्टी रंगवून सांगत. पाचव्या प्रकरणातल्या मुलांबद्दल मात्र ते कुणाशी बोलल्याचं मला आठवत नाही.