ताटातला शेवटचा घास

फेब्रुवारी, दुसरा रविवार. हजर: मी, नवरा, मुलगी, आमचा कुत्रा आणि प्राण्यांचे डॉक्टर. गैरहजर: सासरे. त्यांना आम्ही सांगितलं होतं, कुत्र्याला लस द्यायला नेतोय.

"घरात कुणाला टीबी झालाय का?" डॉक्टरांनी विचारलं. कुत्र्याच्या छातीतल्या पाण्याचा रिपोर्ट त्यांच्या हातात होता. खोकला, उतरत चाललेलं वजन, न हटणारा ताप, सगळ्याचा उलगडा त्यात होता.

"सासऱ्यांना. आता बरे होत आलेत."

"मग त्यांच्याकडूनच आला असणार."

सासऱ्यांच्या आजारात घराची व्यवस्था चोख होती. वेगळी खोली, वेगळं ताट, खिडकी कायम उघडी, नातीने दारातूनच बोलायचं. आत मोकळीक फक्त कुत्र्याला. म्हाताऱ्या माणसाला तेवढीच सोबत, असं सगळ्यांनाच वाटलं. सासरे मालवणकडचे. ताटातला शेवटचा घास त्यांनी कधी स्वतः खाल्ला नाही. गावी तो दारातल्या कुत्र्याचा, मुलुंडला आमच्या कुत्र्याचा. मी ते ताट उकळत्या पाण्यात घालायचे, पण त्याआधी कुत्र्याने ते चाटून लख्ख केलेलं असायचं.

"औषधं माणसांचीच द्यायची," डॉक्टर म्हणाले. "कित्येक महिने. लिव्हरला झेपतील का, सांगता येत नाही. तोवर त्याला वेगळं ठेवा, आजोबांपासून तर नक्कीच. नाहीतर मग एक इंजेक्शन..."

"नाहीतर नको," मुलगी म्हणाली.

सासऱ्यांच्या डॉक्टरांना फोन केला. "अहो मॅडम, मी माणसांचा डॉक्टर! व्हेटला विचारा ना."

कुत्रा आता गॅलरीत असतो. गोळी पनीरमध्ये दडवली तर पनीर खातो, गोळी थुंकतो. हल्ली पनीरही खात नाही. दार बंद केलं की रडतो आणि आतून सासरे हाका मारतात.

"सूनबाई, खंय गेलो तो?"

"गॅलरीत आहे, बाबा. लशीने ताप आलाय."

"ताप इलो तर माझ्याकडे घेवन ये तेका. माझ्या तापात तो हयसून हललो नाय."

मी ताट उचललं. कडेला भात-आमटीचा घास होता. "ह्यो तेका घाल," ते म्हणाले. मी गॅलरीत नेला. कुत्र्याने हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली टाकली.

स्वयंपाकघरात नवरा म्हणाला, "तू सांग ना त्यांना. तुझं ऐकतात ते."

"वडील तुझे ना रे?"

"म्हणूनच नाही जमत. ते म्हणतील, माझ्यामुळे झालं."

"मग मी काय सांगू, नाही झालं म्हणून?"

मी ताट घासायला घेतलं.

गोळ्या वेळेवर दिल्या जातात, गॅलरी रोज जंतुनाशकाने पुसली जाते, पुढच्या तपासणीची वेळ घेऊन झाली आहे. बाबांना सांगायचं तेवढं राहिलंय.